उतारवयातील दीर्घ पल्ल्याची धाव : देहाची गंगाजळी



वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद व विभागवार कामगिरी यांच्या जोडीला आरोग्यविषयक एक लेख देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. एरवी तो आमच्या डॉक्टरांपैकी कोणी लिहितात. यंदा हा मान प्रशासन विभागाकडे आला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रातील अधिकार आमच्याकडे नाही. परंतु रुग्ण घरी जाण्यास निघतो तेव्हा अखेरचा कागद आमच्याच मेजावरून जातो आणि त्या निमित्ताने आप्तांशी जे चार शब्द होतात, त्यांतून अनेक प्रश्न आमच्यापाशी जमा होतात. त्यांतील एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला. यातील वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांनी नजरेखालून घातला आहे.

एका गृहिणीचा प्रश्न

काही काळापूर्वी एक निवृत्त शिक्षक अंगणातील शेवाळावरून घसरून पडले. वय ७१. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु मागोमाग फुप्फुसाला जंतुसंसर्ग झाल्याने त्यांना जवळजवळ तीन आठवडे खाटेवरच राहावे लागले. संसर्ग बरा झाला, हाड जुळू लागले, क्ष-किरण चित्र समाधानकारक आले. मात्र गुरुजींना आधाराशिवाय उभेही राहता येईना. देयक भरण्यास आलेल्या त्यांच्या पत्नीने आम्हांस विचारले, "हाड जुळतंय असं सगळे म्हणतात. मग हे उठत का नाहीत हो?"

आम्ही हा प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेला. त्यांचे उत्तर एका वाक्याचे होते. हाड सांधता आले, पण पडण्यापूर्वीच अंगातली शिल्लक संपत आली होती, ती कशी सांधणार?

शिल्लक हा शब्द आमच्या ओळखीचा. कोणत्याही संस्थेची खरी प्रकृती चांगल्या वर्षात कळत नाही. ती कळते संकटाच्या वर्षात, जेव्हा गंगाजळीस हात घालावा लागतो. देहाचेही तसेच आहे. ही देहाची गंगाजळी कशाने घटते, कशाने वाढते आणि साठीनंतरही ती वाढवता येते काय, हाच या लेखाचा विषय आहे.

तीन आठवडे आणि तीस वर्षे

यासंबंधी अमेरिकेतील डॅलस शहरी झालेला एक प्रयोग वैद्यकीय जगतात प्रसिद्ध आहे. १९६६ साली तेथे विशीतील ५ निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे आधी व नंतर मोजण्यात आले. देहाची गंगाजळी मोजण्याचे हे सर्वांत विश्वसनीय माप समजले जाते. केवळ तीन आठवड्यांत ही क्षमता सुमारे एक चतुर्थांशाने घटली.

पुढे तीस वर्षांनी, ते तरुण पन्नाशीत पोहोचल्यावर, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. वजने वाढली होती, अंगावरील मेद जवळजवळ दुप्पट झाला होता. तरीही तीस वर्षांच्या वार्धक्याने केलेली घट ही विशीतील तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केलेल्या घटीपेक्षा कमीच भरली! यानंतर या पाचही जणांना सहा महिने चालणे, मंद गतीने धावणे व सायकल चालविणे असा क्रमाक्रमाने वाढत जाणारा व्यायाम देण्यात आला. सहा महिन्यांअखेर त्यांची ही क्षमता तीस वर्षांपूर्वीच्या मूळ पातळीवर परत आली.

पाच माणसांचा प्रयोग लहान आहे, हे खरे. तथापि त्यातून निघणारे दोन धडे पुढील अनेक अभ्यासांनी पक्के केले. आपण ज्याला वयाचा दोष म्हणतो, त्यातला बराचसा भाग बसून राहण्याचा दोष असतो, हा पहिला धडा. दुसरा असा की, गेलेली शिल्लक उतारवयातही काही अंशी परत मिळवता येते.

हिशेबाच्या भाषेत

आमच्या सवयीप्रमाणे हा विषय आम्ही रुपयांत मांडून पाहिला. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, स्वतःचे स्वतः उठणे, न्हाणीघरात जाणे, जिना चढणे, बाजारातून पिशवी आणणे एवढ्यासाठी देहास १८ रुपयांची क्षमता लागते. एका गृहस्थांपाशी ३० रुपये आहेत, दुसऱ्यांपाशी २२. दोघेही आज हिंडतेफिरते आहेत. शेजाऱ्यांना त्यांच्यात काहीच फरक दिसत नाही. दोघांवरही तीन आठवड्यांचे आजारपण आले आणि एक चतुर्थांश क्षमता गेली. पहिल्यांपाशी साडेबावीस उरले. ते घरी जाऊन हळूहळू कामास लागतील. दुसऱ्यांपाशी साडेसोळा उरले. त्यांचा आजार बरा झाला, पण ते परावलंबी झाले. गुरुजींचे नेमके हेच झाले होते.

वयाच्या तिशीनंतर ही क्षमता दर दहा वर्षांनी साधारणतः एक दशांशाने घटत जाते. हा निसर्गाने लावलेला घसारा होय. तो कोणालाही चुकत नाही. परंतु नियमित व्यायाम करणाऱ्यांत त्याचा वेग पुष्कळच मंदावतो. दीर्घ काळ, मंद गतीने धावल्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतील ऊर्जा निर्माण करणारी केंद्रे वाढतात आणि हाडांवर माफक भार पडत राहिल्याने त्यांची झीज रोखण्यास साहाय्य होते. चालण्यानेही हे लाभ होतात. धावण्याने ते थोड्या वेळात व अधिक प्रमाणात पदरी पडतात, एवढेच.

दीर्घकाळ ठेवलेली नोंद

कोणताही दावा मान्य करण्यापूर्वी काही वर्षांच्या वह्या पाहाव्यात, असे आमचे शिक्षण सांगते. अशा वह्या अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ठेवल्या आहेत. १९८४ साली तेथील संशोधकांनी पन्नाशी ओलांडलेल्या ५३८ धावपटूंची व ४२३ न धावणाऱ्या निरोगी व्यक्तींची नोंद सुरू केली आणि सुमारे दोन दशके ती चालविली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकोणीस वर्षांअखेर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के, तर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के मरण पावले होते. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी नोंद. दैनंदिन कामांत पहिली अडचण जाणवू लागण्याचा काळ धावणाऱ्यांत सुमारे १६ वर्षांनी पुढे गेला होता. विशेष हे की, याच काळात त्यांचे धावणे आठवड्याला सुमारे चार तासांवरून ७६ मिनिटांवर आले होते. वयोमानानुसार त्यांनी धाव कमी केली, पण सोडली नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. जे धावतात ते मुळातच काहीसे अधिक निरोगी असण्याचा संभव असतो. संशोधकांनी हा फरक हिशेबात धरण्याचा प्रयत्न केला आहे. तरी सगळेच श्रेय धावण्याच्या खात्यावर जमा करणे योग्य होणार नाही. मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५५,१३७ व्यक्तींच्या आणखी एका अमेरिकी अभ्यासातही असेच चित्र दिसले. त्यात दिवसाला केवळ ५ ते १० मिनिटे आणि तेही मंद गतीने धावणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी आढळले. फार वेगाने वा फार दूर धावल्याशिवाय लाभ नाही, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

"पण धावल्याने गुडघे झिजतात ना?" हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. स्टॅनफर्डच्याच काही धावपटूंच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे जवळपास अठरा वर्षे तपासली गेली. न धावणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात संधिवाताची झीज अधिक आढळली नाही. अर्थात, ज्यांचे गुडघे आधीच झिजलेले आहेत, ज्यांचे वजन फार आहे किंवा ज्यांना जुनी दुखापत आहे, त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याविना धावू नये. त्यांच्यासाठी चालणे, पोहणे व सायकल हे मार्ग खुले आहेतच.

एका शेतकऱ्याचे उदाहरण

पंजाबातील जालंधरजवळच्या ब्यास पिंड या गावचे शेतकरी फौजा सिंग यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. लहानपणी पाय इतके अशक्त की, पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना चालताही येत नव्हते, असे सांगतात. १९९० च्या दशकात पत्नी व पाठोपाठ तरुण मुलगा गेल्याने ते खचले. लंडनला दुसऱ्या मुलाकडे राहू लागल्यावर त्यांनी दुःखावर उतारा म्हणून धावणे जवळ केले. २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी लंडन येथे पहिली मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. २०११ साली टोरांटो येथे शंभराव्या वर्षी त्यांनी हेच अंतर सव्वाआठ तासांच्या आत पार केले. जन्मदाखला नसल्याने गिनेस विक्रमपुस्तकाने त्याची नोंद घेतली नाही. त्यांच्या पिढीतील खेड्यात जन्मलेल्या किती जणांपाशी दाखला असेल? २०१३ साली हाँगकाँग येथे १० किलोमीटर धावून ते स्पर्धांतून निवृत्त झाले. चालणे मात्र त्यांनी सोडले नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाजवळ पायी जात असता वाहनाच्या धडकेने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ११४ सांगितले जात होते.

प्रत्येकाने मॅरेथॉन धावावी, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. नव्वदीच्या उंबरठ्यावरही आरंभ करता येतो, आणि तो करणाऱ्याने वेगाची हाव धरली नाही.

आमची चूक

हे सारे लिहिताना स्वतःचा अनुभव झाकून ठेवणे बरे नव्हे. चार वर्षांपूर्वी रुग्णालयाची उद्वाहिनी दुरुस्तीस गेली असता तिसरा मजला चढताना आम्हांस दोनदा थांबावे लागले. त्याच वेळी आमच्याहून दहा वर्षांनी वडील असलेल्या सफाई कामगार मावशी बादली घेऊन आम्हांस मागे टाकून गेल्या. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही शाळेच्या मैदानावर दुडक्या चालीने धावू लागलो. दोन महिन्यांत ३ किलोमीटर सहज जमू लागले. मग जवळच्या शहरातील एका स्पर्धेची जाहिरात पाहिली आणि पंधरवड्यात अंतर ३ वरून ८ किलोमीटरवर नेले. परिणामी टाच अशी धरली की, सकाळी पलंगावरून जमिनीवर पाय टेकवेना. सहा आठवडे धावणे बंद झाले. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी आम्हांला समजेल अशा शब्दांत कानउघाडणी केली: खात्यात पैसे नसताना तुम्ही धनादेश दिलात, तो परत येणारच!

हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. स्नायुबंध, सांधे व हाडे यांना महिने लागतात. दम पुरतो म्हणून पायही तयार आहेत असे समजणे, ही नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक होय.

आरंभ कसा करावा

प्रथम वैद्यकीय तपासणी. पन्नाशीपुढील व्यक्तीने रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन व हृदयाचा आलेख एवढे तरी पाहून घ्यावे. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असल्यास डॉक्टर ताणचाचणी सुचवतील; ती टाळू नये. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडीची गती मंदावते. अशांनी नाडी मोजून श्रमाचा अंदाज बांधू नये.

पहिला महिना केवळ चालावे. रोज अर्धा तास, झपझप. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, १ मिनिट मंद धावणे व २ मिनिटे चालणे असे आलटून पालटून वीस मिनिटे करावे. दोन-तीन आठवड्यांनी धावण्याचे मिनिट वाढवावे, चालण्याचे कमी करावे. सलग वीस मिनिटे धावता येण्यास तीन-चार महिने लागले तरी बिघडत नाही. पुढे अंतर वाढविताना दर आठवड्यास थोडीच भर घालावी आणि तीन आठवडे वाढ केल्यावर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करावे.

वेगाची कसोटी सोपी आहे. धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की गती अधिक झाली असे समजावे व चालू लागावे. मध्ये चालण्यात कमीपणा नाही.

केवळ धावणे पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा; ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी त्याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल व स्नायुबळ वाढविणारे व्यायाम करावेत. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे, भिंतीस हात लावून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, हे घरच्या घरी होते. पडणे टळले तर खुब्याचे हाड मोडण्याचा प्रसंगही टळतो.

बूट पायात घट्ट नसावेत. पुढे अंगठ्याएवढी जागा राहावी. सायंकाळी पाय किंचित सुजलेले असतात, म्हणून बूट सायंकाळी घ्यावेत. मधुमेहींनी धावून आल्यावर तळपाय रोज न्याहाळावेत व खिशात साखर बाळगावी. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे. रस्त्यानेच धावणे भाग असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे; अंधारात पांढरे वा फिकट कपडे घालावेत. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच आटोपावे आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटा टाळाव्यात. ताप असताना धावू नये.

छातीवर दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, अनपेक्षित धाप, भोवळ अथवा हृदयाची अनियमित धडधड यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे. 'पित्त झाले असेल' म्हणून घरी जाऊन पडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थोडे थांबल्यावर बरे वाटले, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

लोक काय म्हणतील?

अनेकांना, विशेषतः भगिनींना, गुडघ्यांपेक्षा मोठी अडचण असते ती लोकलज्जेची. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणारे शेजारी प्रत्येक आळीत असतात. परंतु काळ पालटत आहे. पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन होऊ लागल्या. मुंबईत ज्येष्ठ नागरिकांसाठी कमी अंतराची वेगळी दौडही ठेवली गेली आणि धर्मादाय कार्यासाठी निधी जमविण्याची प्रथा तेथे रुजली, हे आपल्या देणगीदारांस ठाऊक असेलच. एकट्याने संकोच वाटत असेल तर चार जणांनी मिळून आरंभ करावा. सोबत असली की संकोच जातो, नियम टिकतो, आणि कोणास काही झाले तर मदतही हाताशी राहते.

याच हेतूने रुग्णालयामागील शाळेच्या मैदानावर आठवड्यातून तीन दिवस, सकाळी ६ वाजता, आमच्या फिजिओथेरपी विभागाच्या देखरेखीखाली पन्नाशीपुढील व्यक्तींचा एक लहानसा गट चालतो व धावतो. त्यास शुल्क नाही. तपासणीचा कागद आणणे एवढीच अट आहे.

रिकामी खाट

लेखाच्या अखेरीस देणगीचे आवाहन येईल, अशी वाचकांची अपेक्षा असेल. या खेपेस ते नाही. आपण निरोगी राहिलात तर आमची एक खाट रिकामी राहील आणि उत्पन्नाच्या बाजूस तेवढी घट दिसेल, हे हिशेबनीस म्हणून आम्हांस कळते. परंतु आपले रुग्णालय धर्मादाय आहे. निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवूनही त्या अपुऱ्या पडतात, हे आम्ही पाहतो. ज्याचे येणे टळण्याजोगे होते त्याने अडविलेली खाट ही ज्याचे येणे टळण्याजोगे नव्हते त्याला न मिळालेली खाट असते.

गुरुजी आता काठी घेऊन आपल्या फाटकापर्यंत येतात. त्यासाठी त्यांना पाच महिने श्रमावे लागले. गंगाजळी संपल्यावर ती पुन्हा उभारणे किती कष्टाचे, हे त्यांनी दाखविले आणि ते अशक्य नाही हेही. त्यांच्या पत्नी मात्र एके दिवशी सकाळी नातीने आणून दिलेले बूट घालून मैदानावर हजर झाल्या. वय ६६. सध्या त्या २ मिनिटे धावतात, २ मिनिटे चालतात. आम्हांस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या आता स्वतःच्या पायांनी मिळवीत आहेत.

आपणही डॉक्टरांचा सल्ला घेऊन आरंभ करावा, आपली शिल्लक वाढवावी आणि आपली आमची भेट देयकाच्या खिडकीपाशी न होता मैदानावर व्हावी, ही मनःपूर्वक सदिच्छा.